काठाची फट आणि तुमचा भाऊ

तीर्थरूप वन्संना,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (पाय सुजलेत असं मागे म्हणाला होतात, तेव्हा डोकं अलगद ठेवलंय असं समजा.) तब्येत कशी आहे? गुडघ्यांना तेल लावता की बाटली उशाशी ठेवून नुसती तिच्याकडे बघत बसता? लावा हो. बघून गुडघे वाकत नाहीत. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आता खरं काय ते लिहिते.

फोन करायचा सोडून ही पत्रं कसली लिहायला लागली असं तुम्हाला वाटेल. त्याचं असं आहे, तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून मला ओरडून बोलावं लागतं, आणि मी ओरडले की तुमच्या भावाला सगळं ऐकू जातं. त्यांचं अंग अर्धं गेलं, पण कान दोन्ही शाबूत आहेत. म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटून, भाजी शिजेपर्यंत थोडं थोडं लिहितेय. अक्षराला हसू नका. चौथीनंतर मी पेन धरलं ते सहीपुरतं. कुठे चुकलं तर आपलं आपण नीट करून वाचा, तुम्हाला दुपारभर काय काम असतं?

तर मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा ह्यांना दवाखान्यातून नुकतं घरी आणलं होतं. उजवा हात लोंबतोय, उजवा पाय फरफटतोय, आणि बोलायला गेले की एक शब्द बाहेर यायला एवढा वेळ की मी तोवर भांडी घासून परत यायची. तुम्ही रडलात, मी रडले नाही, त्यावरून तुम्ही मनात काहीतरी धरलंत, ते मला माहीत आहे. पण दोघींनी रडून चहा कोणी केला असता? असो. तुम्ही गेल्यावर ती व्यायामवाली मुलगी यायला लागली. तिनं मागच्या अंगणातली टाकी बघितली आणि टाळ्याच पिटल्या. म्हणाली, अहो, ह्यांना रोज पाण्यात चालवा, पाण्यात माणसाचं वजन निम्मं होतं, पाय आपोआप उचलतो. टाकी तुम्हाला आठवते ना? (लेक तिला स्विमिंग पूल म्हणते. म्हणू दे. छातीएवढं पाणी आहे, म्हैससुद्धा पोहणार नाही, फक्त डुंबेल.) तुमच्या भावाने जन्मभर लोकांच्या बंगल्यांतून अशा टाक्या बांधल्या, आणि प्रत्येक कामावरून उरलेल्या टाइल्स गोणीत भरून घरी आणल्या. त्या उरल्यासुरल्याची ही टाकी. एक भिंत निळी, एक हिरवी, एका कोपऱ्यात कोणाच्या तरी न्हाणीघरातली गुलाबी फुलं. तेव्हा मी म्हणायची, गवंड्याच्या घरी पाहुणे कमी म्हणून आता मासे पाळायचेत का? पण वन्सं, त्या पाण्यात ह्यांचा पाय खरंच उचलायला लागला. जमिनीवर काठी लागते आणि मी लागते. पाण्यात दोन्ही लागत नाहीत. काठाचा दगड धरून उतरायचे आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचे, मान वर करून, जशी काही टाकी नाही, एखादं बांधकाम तपासायला निघालेत.

आता तुम्हाला फट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं फटीवरच आहे. टाकीच्या काठाला चारी बाजूंनी दगड बसवलेत, आणि दगडांच्या बाहेर अंगणाची फरशी सुरू होते. दगड आणि फरशी यांच्यामध्ये बोटभर फट सोडलेली असते, सगळ्या टाकीभोवती. त्या फटीत रबरासारखं मऊ सीलंट भरतात. ते इतक्या वर्षांत वाळून, चिरून, जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखं झालं होतं. नखाने उचकटलं तर निघायचं. पाऊस, अंघोळीचं पाणी, सगळं त्यातून खाली जायचं. मग एक दिवस हे पाण्यात उतरताना हाताखालचा दगड डगमगला. पडले नाहीत, पण मी बघितलं. त्या दिवसापासून म्हटलं, आधी सीलंट, मग पाणी.

पूलवाल्याला फोन केला. (हा नवीन पूलवाला. जुना म्हातारा मुलाकडे राहायला गेला.) तो म्हणाला, उद्या येतो काकू. या माणसाचा उद्या आणि आपला उद्या एकाच कॅलेंडरातले नाहीत. रोज फोन, रोज उद्या. एकदा चिडून विचारलं, बाबा, तू येईपर्यंत मी काय करू? तर म्हणतो, तुम्ही काही करू नका काकू, जुनं सगळं कापून काढावं लागतं, ते मी करीन. म्हणजे काढायचंच आहे ना? मग त्याला तू कशाला? मी पाव कापायची सुरी घेतली, एक गंजका स्क्रूड्रायव्हर घेतला, आणि बसले. कंबर मोडली, नखं गेली, केसांना ते रबर असं चिकटलं की शेवटी बट कापावी लागली (कानाच्या मागची आहे, दिसत नाही), पण चारी बाजू मोकळ्या केल्या. खाली एक लांबच लांब फोमची दोरी निघाली, अळीसारखी पांढरी. मला वाटलं, बांधताना कोणीतरी कचरा दडपलाय, म्हणून ओढून काढली आणि फेकून दिली. नंतर कळलं की सीलंटला खाली टेकू म्हणून ती दोरी मुद्दाम घालतात. मुद्दाम घालतात तर तसं सांगायला नको? कचऱ्यासारखी दिसणारी वस्तू कचऱ्यातच जाणार.

झालं. आता अंगणात ती उघडी फट. मुंग्या आल्या, माती गेली, माझ्या कानातलं एक गेलं. आणि ह्यांची खुर्ची बरोबर तिच्या समोर. वन्सं, दात पडलेल्या माणसाची जीभ कशी सारखी त्याच जागी जाते, तशी ह्यांची नजर. तुम्हाला तुमचा भाऊ ठाऊकच आहे. जन्मभर भेगा बुजवल्या त्या माणसाने, सांध्यात सुई जाणार नाही असं काम म्हणून नाव होतं. टाक्यांच्या कामावर हे असायचे तेव्हासुद्धा ती एक फट सोडावी लागते म्हणून जेवताना कुरकुर करायचे. गवंडी गेल्यावर दुसरा माणूस येऊन त्यात रबर भरणार, हे ह्यांना कधीच पटलं नाही. दुसऱ्यांची कामं हलत असतील, माझं हलत नाही, हे ह्यांचं म्हणणं. आताही बोलायला त्रास, तरी मी सीलंटवाल्याचा विषय काढला की एकच शब्द खणखणीत यायचा. “रबर!” म्हणायचे, आणि तोंड फिरवायचे. माझ्याकडे पाणी मागायला ह्यांना अर्धा तास लागतो.

तेवढ्यात लेकीचं घर बदलायचं निघालं. जावई कामावर, पोर कडेवर, ती एकटी काय काय उचलणार? मी जाऊन आले. शेजारच्या बाईंना सांगून गेले, जेवण देत जा आणि अंगणात एकटं सोडू नका. (त्या बाई म्हणजे देवमाणूस, पण दुपारी टीव्ही लागला की देवालाही ओळखणार नाहीत.) परत आले, पिशवी दारात टेकवली, मागे जाऊन बघते तर फट गायब. चारी बाजूंनी सिमेंट. असं तसं नाही, दोरी लावून मारल्यासारखी सरळ रेघ, वरून गुळगुळीत, कोपऱ्यात वळण घेतलेलं. आणि तुमचा भाऊ फरशीवर बसलेला, अंगभर राखाडी, भुवयांवर सिमेंट, आणि चेहरा असा की काय सांगू. पहिलीतल्या पोराला पाटी कोरी नाही म्हणून शाबासकी मिळावी, तसा.

शेडमध्ये अर्धं पोतं पडलं होतं ते बुडावर सरकत सरकत ओढत आणलं. माल कालवला माझ्या कपडे भिजवायच्या टबात. (टब गेला. दगड झालाय.) टाकीभोवती सगळी फेरी बसूनच मारली. आणि वन्सं, थापी उजव्या हातात. ज्या हातातून चमचा गळून पडायचा त्या हातात. रेघ गुळगुळीत करायला माझा चांगला मोठा चमचा घेतला होता, तोही त्याच हातात. मी उभी राहिले. नेहमीची मी असते तर टबावरून सुरुवात केली असती, मग चमचा, मग पायजमा, मग शेजारीण, आणि संध्याकाळपर्यंत पुरवलं असतं. पण तोंडातून निघालं काय? “छान झालंय.” लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द मी ह्यांच्या कुठल्या कामाला म्हटला असेन तर तुम्ही सांगाल ती शिक्षा. म्हटल्यावर मलाच कसंतरी झालं. दुसऱ्याचे दात घातल्यासारखं.

पुढचे दिवस बघायला तुम्ही हव्या होतात. ह्यांनी उजव्या हाताने जेवायला सुरुवात केली. सांडायचं अर्धं, पण जेवायचे. आरसा मागितला, दाढी आपली आपण केली, गाल कापून घेतला, आणि रक्त बघूनसुद्धा खूश. व्यायामवाली म्हणाली, पकड आलीय, हे औषधानं झालं नाही, कामानं झालं. मला म्हणाले (एक एक शब्द, पण मी थांबले, खोटं नाही सांगत, थांबले), वाळू आण, कुंपणाच्या भिंतीला गिलावा करतो.

आणि मग कडक ऊन पडलं. दुपारी मी भांडी विसळतेय तर अंगणात तडाक! बंदुकीची गोळी सुटल्यासारखं. जाऊन बघते तर काठाचा एक दगड वर उचललेला, त्याच्या खालची हिरव्या टाइल्सची ओळ सुटून पाण्यात. दुसऱ्या दुपारी आणखी एक तडाक. मग पाणी उतरायला लागलं. हे तेव्हा आत झोपलेले होते, असं मला वाटलं. मी पळत जाऊन त्या जागेवर कपडे वाळत घालायचा स्टँड आणून ठेवला आणि त्यावर चादरी टाकल्या.

नेमका त्याच दिवशी पूलवाल्याचा उद्या उजाडला. बंदूक घेऊन आला. (सीलंट भरायची बंदूक असते, घाबरू नका.) काठ बघितला, बोटाच्या पेराने दगडावर टकटक केलं, आणि तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात आणलं, दार लावलं आणि मिक्सर चालू केला. रिकामा. त्या घरघरीत त्याने माझ्या कानात ओरडून सांगितलं की काकू, फरशी म्हणजे एक घर आणि टाकी म्हणजे दुसरं. उन्हाने फरशी फुगते, पाण्याने भरलेली टाकी गार असते, ती फुगत नाही. दोन घरांच्या मधे बोळ ठेवायचा असतो, म्हणजे एक वाढलं तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. रबर म्हणून घालायचं, की ते दबतं. तुम्ही बोळात भिंत घातलीत. आता फरशीने ढकलून टाकी फोडायला घेतलीय. हे सगळं सिमेंट छिन्नीने फोडून काढा, आत्ता काढलं तर दोन-चार दगडांवर भागेल, नाहीतर भिंत तडकेल. आणि तोवर पाण्यात कोणाला उतरवू नका. मी विचारलं, थोडं तिथेच राहू दिलं तर? म्हणजे एका बाजूचं? दिसायला? तो म्हणाला, काकू, काढायचं तर सगळं. मी त्याला म्हटलं, तू आजच येऊ नकोस. उद्या ये. (मी त्याला उद्या म्हटलं! कधी वाटलं होतं का?)

आता माझी पंचाईत बघा. सिमेंट तिथे आहे तोवर ह्यांना पाण्यात जाता येत नाही. पाण्यात जात नाहीत तर पाय परत आखडायला लागलाय, काल उंबरठ्याशी परत फरफटला. आणि सिमेंट फोडायचं तर ह्यांना सांगायला हवं, की अहो, आजारपणातून उठून तुम्ही पहिलं काम केलंत, ते चुकलं. इतकं चुकलं की टाकी फुटली. वन्सं, मी कोणाला काही सांगायला घाबरणारी बाई आहे का? तुमच्या मुलाच्या लग्नात जेवण खारट झालंय हे सगळ्यांदेखत कोणी सांगितलं? डॉक्टरला तुमचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे असं तोंडावर कोण म्हणालं? पण रोज सकाळी ठरवते, चहा झाला की सांगायचं. आणि हे कप उजव्या हाताने उचलतात, दोन्ही डोळे कपावर, जीभ दाताखाली, आणि ओठाला लागला की माझ्याकडे बघतात. मी बघितलं का म्हणून. मग माझं तोंड शिवल्यासारखं होतं.

परवा वाऱ्याने चादर उडाली आणि उचललेला दगड ह्यांना दिसला. काठीने दाखवून विचारलं, काय? मी म्हटलं, माझ्या हातून कुकर पडला. म्हणाले, इथे? म्हटलं, उन्हात ठेवला होता, वास जावा म्हणून. एवढ्या दगडी काठावर कुकर पडून दगड वर कसा उचलेल, हे मला बोलून झाल्यावर सुचलं. हे माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. घरात इतकी शांतता झालीय की शेजारच्या बाई टीव्ही बंद करून विचारायला आल्या, सगळं बरं आहे ना?

असो. भाजी शिजली. तक्रार म्हणून नाही लिहिलं, सहज लिहिलं, मन मोकळं झालं. उत्तराची काही घाई नाही. तुमच्या सुनेला आणि नातवंडांना माझी आठवण सांगा, आणि तेल लावा.

तुम्हाला न आवडणारी, पण तुमच्या भावाला सांभाळणारी,
धाकटी भावजय

ता. क. घाई नाही असं वर लिहिलंय ते खोडून वाचा. तुम्ही या. लगेच या. पूलवाला पुन्हा यायच्या आत या. तुमच्या आईच्या मागे तुम्हीच ह्यांना वाढवलंत, कान धरून शाळेत नेलंत, भिंत वाकडी आली म्हणून पहिल्या कामावर तुम्हीच ह्यांना रडवलंत, आणि अजून तुमचा शब्द खाली पडू देत नाहीत. तुम्ही सांगितलंत तर मोठ्या बहिणीने चूक दाखवली एवढंच होईल. मी सांगितलं तर बायकोनेसुद्धा मोडीत काढलं असं होईल. माझ्याकडून जन्मभर एवढं ऐकलंय त्यांनी, पण ते धडधाकट असताना. कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी तेवढा वेळ बाजारात जाईन. तिकिटाला सुनेला सांगा, खिडकीजवळची जागा बघ म्हणावं, तुम्हाला मळमळतं.

आणखी एक ता. क. नका येऊ. म्हणजे या, पण त्यासाठी नको.

आज पाकीट आणायला म्हणून कोपऱ्यावर गेले होते. परत येतेय तर गल्लीतच ठक ठक ठक ऐकू आलं. मला वाटलं पूलवाला न सांगता आला आणि ह्यांच्यादेखत फोडायला लागला. पिशवी टाकून धावले. तर तुमचा भाऊ. फरशीवर बसलाय, डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात हातोडी, आणि स्वतःचंच सिमेंट फोडतोय. एक बाजू निम्मी मोकळी केलेली. माझा श्वास चढलेला. विचारलं, हे काय चाललंय? शांतपणे म्हणाले (त्यांच्या शांतपणाला वेळ लागतो, मी थोडक्यात लिहिते), पहिला तडाक झाला तेव्हाच कळलं. झोपलो नव्हतो. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, तू ओरडशील म्हणून वाट बघत होतो. एकदाचं ओरडून झालं की काढायला घेऊ म्हटलं. तू ओरडेनास. टबावरून बोलली नाहीस. कुकर पडला म्हणालीस. बंद केलेली साखर चहात घालायला लागलीस. मी म्हटलं, बरं मग? हातोडी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “डॉक्टरने तुला वेगळं काही सांगितलंय का? किती दिवस म्हणाला?”

वन्सं, माणूस रोज रात्री पडल्या पडल्या आपल्या मरणाचा हिशेब करत होता. आणि कशावरून? तर बायको गोड बोलते यावरून!

मग मी जी सुरुवात केली ती विचारू नका. टब, चमचा, पायजमा, पोतं एकट्याने ओढलं म्हणून, फोमच्या दोरीबद्दल तोंड उघडलं नाहीत म्हणून, मला न विचारता मरायला निघालात म्हणून. शेजारच्या बाई कुंपणापर्यंत आल्या आणि निवांत होऊन परत गेल्या. हे सगळं ऐकत बसले होते, मान हलवत, बरोबर जिथे हलवायची तिथे. मला धाप लागली तेव्हा म्हणाले, बरं वाटलं. आणि छिन्नी माझ्या हातात दिली. कुठे मारायची, किती तिरपी धरायची, ते काठीने दाखवत होते, आणि माझं चुकलं की “च्” करायचे. दगडाला एक टवका माझ्या हातून गेलाच. त्यावरून मला बोलले. चांगली दोन वाक्यं बोलले, न अडखळता!

आता चहा मागितलाय. बिनसाखरेचा करून दिला. तोंड वाकडं केलं, म्हणजे जेवढं आहे त्याहून वाकडं, आणि सगळा प्यायले.